माफीच्या खिडकीवरचा फौजदार

एकदा एका तालुक्याच्या गावी एक म्हातारा बहुरूपी राहायचा. भिवबा त्याचं नाव. उभा जन्म त्यानं दारोदार सोंगं नाचवण्यात घालवला. फौजदार तर असा वठवायचा, की खरा फौजदार बी आधी सलाम ठोकायचा आणि मग जीभ चावायचा. आता सोंगं बघायला कुणाला सवड नाय. पेटी माळ्यावर आणि म्हातारा ओट्यावर.

त्याला चेली एकच, शेजारच्या शिंप्याची सुवर्णा. लहानपणी काजळाच्या मिशा काढून त्याच्या मागनं हवालदार होऊन हिंडायची. मोठी झाली, कॉलेज शिकली आणि सरकारी अधिकाऱ्याच्या परीक्षेचा अभ्यास धरून बसली. म्हातारा म्हणायचा, "अगं, पुस्तकाला तरी इसावा दे. पाठ मोडली बिचाऱ्याची."

एका सकाळी पोरगी कचेरीत गेली आणि गेली तशी परत आली. तोंड एवढंसं झालेलं.

"काय साहेब? एवढ्यात झाला कलेक्टर?"

"नाय द्यायची मला परीक्षा."

झालं होतं असं. परीक्षेला बसायला फी लागायची. पण ज्याच्या घरात कमाई तोकडी, त्याला ती माफ. दाखला दाखवायचा, शिक्का घ्यायचा, सुटला. दाखला सुवर्णाकडं होता, खराखुरा. अडलं होतं ते खिडकीपाशी. पैसे भरणाऱ्यांची खिडकी आत, पंख्याखाली. माफीची मात्र बाहेर, रस्त्याच्या अंगाला, चहाच्या टपरीसमोर. गाव तिला म्हणायचं फुकट्यांची खिडकी. टपरीच्या बाकड्यावर रिकामटेकडे बसलेले असायचे. सुवर्णा खिडकीकडं वळली तसा एक जण ओरडला, "आली बघा शिंप्याची पोरगी! फुकटात साहेब व्हायला आली!" बाकडं खो खो हसलं. पोरीनं दाखला ओढणीत दडवला, झेरॉक्सच्या दुकानात आल्यासारखं केलं आणि तशीच घरी आली.

"आणि शेवटचा दिवस कधी?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"आजच. दुपारी खिडकी बंद."

भिवबा उपदेश करील असं तिला वाटलं. म्हातारा म्हणतो कसा, "माळ्यावरनं पेटी काढ."

"आबा, आज? कशाला?"

"काढ म्हणतो ना! उलट विचारायला अजून अधिकारी झाली नायस."

म्हाताऱ्यानं खाकी कोट चढवला. खांद्यावर सोनेरी कागदाचे तारे, छातीवर सोडाबाटलीच्या बुचांची पदकं, कमरेला लाकडी पिस्तूल. बोकडाच्या केसांची मिशी थेट कानापर्यंत. असा निघाला कचेरीला. सुवर्णा मागनं, जीव मुठीत धरून. तिच्या मनात एकच, आता ह्यो कारकुनाला दम भरणार, आणि मला गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाय.

कचेरीपाशी ती लिंबाच्या झाडाआड झाली. बघते तर तिथं आणखी लोक. एक जण उभ्या सायकलची चेन उगाच चाचपत होता. दुसरा भिंतीवरची जुनी जाहिरात पाठ करत होता. झेरॉक्सच्या दुकानाआड एक बाई, कडेवर लेकरू. आणि सगळ्यांच्या मुठीत घडी घातलेला कागद.

भिवबानं कुणाला दम दिला नाय. रिकाम्या खिडकीपुढं गेला आणि टाचा जुळवून ताठ उभा राहिला.

कारकून म्हणाला, "काय आजोबा, इथं कुठं?"

"रांगेत हाय."

"कसल्या रांगेत?"

"फीमाफीच्या. साहेब व्हायचंय मला."

"वय काय तुमचं?"

"ते लग्नाच्या वेळी सांगीन."

बाकडं हसायला लागलं. म्हातारा गर्रकन वळला, पिस्तूल उपसलं. "ए बाकडं! हलू नका! एका कपात तिघं चहा पिऊन टपरीवाल्याचं लाकूड झिजवल्याबद्दल तुमा समद्यांना अटक!"

टपरीवाला सगळ्यांत मोठ्यानं हसला. त्याचंच तर दुखणं म्हाताऱ्यानं बोलून दाखवलं होतं. झाडून सगळे डोळे भिवबाच्या मिशीवर लागले. तेवढ्यात सायकलवाला गुपचूप मागं येऊन उभा राहिला. मग जाहिरातवाला. मग आणखी कोण कोण. भिवबा एकेकाला पुढं घालायचा, "तुमी व्हा पुढं, मला कुठं ड्यूटीवर जायचंय?" आणि पुन्हा बाकड्यावर खेकसायचा. सुवर्णाचे पाय बी कधी रांगेत गेले, तिचं तिला कळलं नाय. दाखला दिला, शिक्का पडला. बाकड्यावरच्या एकानंही तिच्याकडं बघितलं नाय.

म्हाताऱ्याचे गुडघे बोलायला लागले तसा तो लिंबाखाली येऊन बसला. मिशी काढून मांडीवर ठेवली.

सुवर्णा म्हणाली, "आबा, तुमी तर काहीच केलं नाय. नुसते उभे राहिलात."

"पोरी, दाखला खरा, हक्क खरा. मग तू सकाळी अडलीस कशापाशी? चार जणांच्या डोळ्यांपाशी. ते डोळे माझ्या मिशीला अडकवले, की तुझा रस्ता मोकळा. जन्मभर दुसरं काय केलं मी? समदं गाव मला हसायचं, तेवढा वेळ गावातला कोण एक लंगडा, कोण एक तोतरा जरा निवांत असायचा."

"आणि तुमाला लाज नाय वाटली?"

"वाटली की. बंडीवानी आत घातली होती, कोटाखाली. बाहेरनं दिसत नाय."

तिकडं कारकून ओरडला, "आहे का अजून कोणी? मी खिडकी लावतोय!"

सुवर्णानं बघितलं. कडेवर लेकरू घेतलेली बाई अजून दुकानाआडच होती. एक पाऊल पुढं, एक मागं. आणि करमणूक संपल्यानं बाकडं आता तिच्याकडंच बघत होतं.

भिवबा उठायला गेला. गुडघे उठेनात.

सुवर्णानं म्हाताऱ्याच्या मांडीवरची मिशी उचलली आणि ओठावर लावली. चिकटेना, म्हणून बोटानं दाबून धरली. तशीच खिडकीपुढं जाऊन टाचा जुळवून उभी राहिली आणि गरजली, "ए बाकडं! जामीन कुणी दिला रं तुमाला?"

"ही कोण आता?" बाकड्यावरनं कुणीतरी म्हणालं.

"शिंप्याची पोरगी! फुकटात साहेब व्हायला आलीय! पटलं नसंल तर या रांगेत!"

बाकडं हसलं. टपरीवाला हसला. कारकून बी हसला आणि खिडकीचं दार धरलेला हात त्यानं मागं घेतला. त्या गोंधळात सुवर्णाच्या मागनं एक हात पुढं आला, घामेजलेला कागद घेऊन. लेकरू मिशी ओढायला बघत होतं.

शिक्क्याचा आवाज लिंबाखालपर्यंत आला. म्हाताऱ्यानं छातीवरचं एक बूच काढलं आणि पोरगी परत येईपर्यंत कोटाच्या बाहीनं पुसत बसला.

तुमच्या गावच्या अशा खिडकीवर कुणी उभं दिसलं नाय, तर गरजच कुणाला नाय असं समजू नका. आधी झाडाआड बघा.