भाषणांची रंगीत तालीम

"नव्या सुनेला सूचना लिहायला घेतलंय, अक्कल शिकवायला नाही!" दाराआड बालमंडळाचे अध्यक्ष बापूकाका बोलले, ते नुकतीच लग्न होऊन आलेल्या आणि मंडळाच्या सूचना लिहिणाऱ्या केतकीने ऐकलं.

बालमंडळाच्या नाताळच्या सुट्टीतल्या संमेलनातून त्यांनी खेळ आणि शेकोटी उडवून नऊ भाषणं घुसवली होती. पाहुण्यांना खुर्च्या, आणि पोरांनी भल्या सकाळी गारठलेल्या फरशीवर हाताची घडी घालून बसायचं! केतकीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने सूचना लिहिली: 'रविवारी सकाळी सातला रंगीत तालीम. खुर्च्यांवर मुलं, मुलांच्या जागी पदाधिकारी.' बापूकाकांनी सवयीप्रमाणे न वाचताच सही ठोकली.

रविवारी स्वतःची सही बघून ते खाली फरशीवर बसले. दुसऱ्याच भाषणाला गुडघे चोळत ओरडले, "अगं, माणसं गारठून मरतील!"

"बसा काका, हाताची घडी! अजून सात भाषणं आहेत. की शेकोटी पेटवू?"