भिवराआईची पाचर

तांबखोऱ्यात तेव्हा बैलगाडीची चाकोरीसुद्धा नव्हती. माणसं डोंगरावरून पायवाटेनं यायची आणि पायवाटेनंच जायची. त्या काळी तिथं सटवाजी सुतार आणि त्याची बायको भिवरा राहत असत. सटवाजीनं काय केलं ते कुणालाही दिसतं, कारण ते अजून उभं आहे. भिवरानं काय केलं ते मात्र सांगावं लागतं.

त्या वर्षी भाताची कापणी उरकली आणि जमीन गुरगुरायला लागली. आधी फळीवरची भांडी आपोआप किणकिणली. मग विहिरीचं पाणी गढूळ झालं. मग भिंतींना भेगा पडल्या. खोऱ्यातली घरं दगडामातीची, जाड भिंतींची. एका सकाळी वरच्या आळीतला गोठा बसला आणि दोन दुभत्या म्हशी दगडांखाली गेल्या. त्या दिवसापासून घरात झोपायला कुणी धजेना. पण बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती, आणि खोऱ्यात वाघ होता. लहान पोरं खोकून खोकून निळी पडायला लागली. आत भिंत आणि बाहेर वाघ, अशी माणसं मधे अंगणात बसून राहायची आणि पायाखालच्या जमिनीकडं बघत राहायची.

शेवटी सगळे निनाईदेवीच्या घुमटीपुढं जमले. रावजी पाटील सटवाजीला म्हणाले, "अंगावर पडणार न्हाई असं एक छप्पर दे. सारा गाव त्याखाली निजंल."

सटवाजी रानात गेला. ऐनाची झाडं त्यानं निवडली. तोडण्याआधी प्रत्येक झाडाच्या उगवतीच्या बाजूला गेरूचा पट्टा ओढला, आणि खांब उभे करताना तो पट्टा उगवतीकडंच ठेवला. बुंधा खाली, शेंडा वर. रानात झाड जसं उभं होतं तसंच त्यानं देवीपुढं उभं केलं. वाकस, पटाशी, रंधा आणि लाकडी मोगरी, एवढ्यावर त्यानं काम केलं. लोखंडाचा एक खिळा वापरला नाही. खांब जमिनीत पुरले नाहीत, नुसते दगडी तळखड्यांवर ठेवले. खांबाच्या पोटात आरपार भोक, त्यातून आडवी तुळई, आणि तुळईच्या डोक्यावर खैराची पाचर. ती पाचरही अशी, की अंगठ्यानं सरकवली तर आत जावी आणि अंगठ्यानं दाबली तर बाहेर यावी. प्रत्येक सांध्यात भाताचा दाणा आडवा मावेल एवढी फट त्यानं मुद्दाम ठेवली.

मंडप उभा राहिला आणि कुरकुरायला लागला. जरा वारा सुटला की खांबन् खांब आपापल्या आवाजात बोलायचा.

हणमा लोहार कंबरेवर हात ठेवून बघत राहिला. म्हणाला, "सटवा, मंडप बांधलास का पाळणा? झोके द्यायला कोण बसायचं?"

"तूच बस की," सटवाजी म्हणाला. "भाता घेऊन ये. वारा पण लागंल."

"चार खिळे देतो फुकट. गप बसंल सगळं."

"खिळा हलत न्हाई, हणमा. जमीन तर हलणार. मग मधल्या लाकडानं काय करायचं? फुटायचं?"

लोक हसले, पण मंडपात निजायला कुणी आलं नाही. मग सटवाजी स्वतःचं बिऱ्हाड घेऊन तिथं राहायला गेला. भिवरा मागोमाग गेली. त्यांची लेक सगुणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, तिचे दिवस भरत आले होते. तिला वारा लागू नये म्हणून भिवरानं तिचं अंथरूण आग्नेयेच्या खांबाशी घातलं. आणि आठवडा उलटायच्या आत सटवाजीला ताप भरला.

आता भिवराचं मन ऐका. इतकी वर्षं तिनं नवऱ्याच्या पटाश्यांना धार लावली होती. त्याचं काम तिला ठाऊक होतं. पण हे असं सैल काम त्यानं कधी केलं नव्हतं. तापात तो बरळायचा, आणि ती वर बघत पडून राहायची. आग्नेयेचा खांब सगळ्यांत वाईट आवाज करायचा, आजारी माणूस कुशीवर वळताना करतो तसा. प्रत्येक वेळी सगुणा दचकायची आणि पोटावर हात ठेवायची.

"आये, हा खांब कण्हतोय गं."

"कण्हत न्हाई. बोलतोय. तुझा बा म्हणतोय ना."

असं ती म्हणायची खरी, पण तिला स्वतःलाच ते पटत नव्हतं. लेक, लेकीच्या पोटातलं पोर आणि तापानं फणफणलेला नवरा, सगळी एका हलणाऱ्या छपराखाली. एका दुपारी सटवाजीला ग्लानी होती. भिवरा उठली. त्याच्या पेटीतून तिनं खैराची एक जाड, कोरडी पाचर काढली. आग्नेयेच्या खांबातली सैल पाचर उपसून टाकली आणि ही नवी मोगरीनं ठोकली, पलीकडून टोक दिसेपर्यंत. खांब गप्प झाला. सगुणाला झोप लागली. किती तरी दिवसांनी भिवराचाही डोळा लागला.

पण ते दिवस दहिवराचे होते. पाचर कोरडी होती. ती दहिवर प्याली आणि फुगली.

दोन दिवसांनी सटवाजीचा ताप जरा उतरला. डोळे मिटून तो ऐकत पडला होता. म्हणाला, "भिवरे, आग्नेयेचा बोलत न्हाई."

"वारं न्हाई आज."

"बाकीचे बोलतायत."

तिनं वाकळ त्याच्या गळ्यापर्यंत ओढली. "उठलो की बघतो," असं तो म्हणाला, पण त्याला उठवलं नाही. तो पाण्याला गेलेल्या माणसाची वाट बघावी तसा त्या खांबाची वाट बघत राहिला. भिवरानं पाचर ओढून बघितली. ती तसूभर हलली नाही. पकडीत धरून हिसडा दिला तर तिचं डोकंच तुटून हातात आलं.

त्याच दिवशी रावजी पाटील आजाऱ्याला बघायला आले, तेव्हा सटवाजीला पुन्हा ग्लानी आली होती. आग्नेयेच्या खांबाला टेकून बसले आणि चकित झाले. खांब हलत नव्हता, की बोलत नव्हता.

"आता कसं," पाटील म्हणाले. "सुतारानं शेवटी ऐकलं म्हणायचं. सगळे खांब असेच आवळून घेऊ. उद्या हणमा येईल, पाचरी ठोकील, वरनं पट्ट्या मारील."

ही बातमी गावभर गेली आणि माणसांच्या जिवात जीव आला. संध्याकाळच्या आत वाकळा, घोंगड्या, पोरंबाळं घेऊन सारा गाव मंडपात आला. सगळ्यांना आग्नेयेच्या खांबाशीच जागा हवी होती. भिवरा प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत होती. जो खांब तिनं बिघडवला, त्याच्याच भरवशावर ही माणसं आली होती.

सकाळी हणमा हातोडा घेऊन आला. भिवरा खांबाला पाठ लावून उभी राहिली.

"वैनी, बाजूला व्हा."

"ही पाचर त्यांनी न्हाई ठोकली," ती म्हणाली. "मी ठोकली. त्यांना ठाऊक न्हाई. दुसऱ्या खांबाला हात लावू नका."

हणमानं हातोडा खाली केला. पाटील उठून पुढं आले. त्यांचा आवाज चढला नाही, पण तो नेहमीचा राहिला नव्हता.

"म्हणजे वैनी, धन्याच्या कामावर तुमचाच भरवसा न्हाई. आणि आम्ही पोरंबाळं घेऊन खाली निजायचं?"

"नव्हता भरवसा. म्हणून तर ठोकली."

"आणि आता हाय?"

भिवरा खांबापासून हलली नाही. तेव्हा अंथरुणातून सटवाजीचा आवाज आला. तो जागा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. आता हा काय बोलतो म्हणून गाव कान देऊन होता.

"ओढू नको तिला," सटवाजी म्हणाला. "भिजून फुगलीय ती. शेक."

एवढंच. तो तिला रागावला नाही, त्या दिवशी नाही आणि पुढंही नाही, असं म्हणतात.

पाटलांनी जरा विचार केला. म्हणाले, "अवसेपर्यंत थांबतो. निघाली तर ठीक. न्हाई तर हणमा त्याचं काम करील." आणि जे आग्नेयेच्या खांबाशी निजले होते, त्यांनी आपापली अंथरुणं गुंडाळून लांब नेली. भिवरानं सगुणाचं अंथरूण हलवलं नाही. खांब आपण बिघडवला, तर त्याखाली आपलंच माणूस असलं पाहिजे, एवढं तिला कळत होतं. ते बरोबर की चूक, हे मात्र कळत नव्हतं.

बाळंतिणीसाठी तिनं फडकी जमवून ठेवली होती. त्यांत चुलीतली गरम राख बांधून तिनं पुरचुंड्या केल्या आणि खांबाला शेक द्यायला लागली. एक थंड झाली की दुसरी. मधेच बोटानं पाचर चाचपायची. मधेच जमिनीला कान लावायची. घागरीतलं पाणी थरथरलं की पुरचुंडी आणखी घट्ट दाबायची. पाचर आधी निघेल का धक्का आधी येईल, एवढा एकच विचार तिला होता. आपल्या चुलीतली राख संपली तेव्हा ती पदर खोचून राख मागायला निघाली. पण मंडपाच्या कडेलाच हणमाची बायको एक पुरचुंडी घेऊन उभी होती. म्हणाली, "आमच्या भट्टीची हाय. जास्त टिकंल." मग वरच्या आळीतून एक आली, मग पाटलीणबाई आल्या. रोज घराघरांतून राख यायला लागली. पाचर केसाएवढी सुकायची आणि दहिवर पडलं की पुन्हा तेवढीच फुगायची.

अवसेच्या आदल्या दिवशी गुरं परत यायच्या वेळेला सगुणाच्या पोटात कळा सुरू झाल्या. भिवरा एका हातानं लेकीची कंबर धरून बसली होती आणि दुसऱ्या हातानं खांबाला शेकत होती. तेवढ्यात गावातली सगळी कुत्री एकदम गप्प झाली. झाडांवरची पाखरं उडाली आणि परत बसली नाहीत. मग डोंगराच्या पोटात कुणी तरी जातं फिरवावं तसा आवाज आला.

पहिल्या धक्क्याला बाकीचे खांब ओरडले, डुलले आणि सावरले. आग्नेयेचा खांब ताठ राहिला. आणि तडकला. तुळईच्या भोकापासून भेग निघाली आणि खाली धावायला लागली. भिवरानं मोगरी उचलली. डावा तळवा तिनं भेगेच्या वाटेत खांबावर ठेवला आणि उजव्या हातानं पाचरीच्या पलीकडच्या टोकावर घाव घातला. पाचर जागची हलली नाही. दुसरा घाव घातला. भेग तिच्या तळव्यापाशी आली आणि तिथं थांबली, असं म्हणतात. तिसऱ्या घावाला पाचर सुटली, मंडपातून बाहेर उडाली आणि खालच्या नदीपार जाऊन पडली. आणि इतके दिवस मुका राहिलेला खांब असा बोलला की सात डोंगरांपलीकडं ऐकू गेलं.

मग मोठा धक्का आला. सारा गाव एकमेकांना धरून बसला होता. झिम्मा खेळताना बाया पाय उचलतात तसे खांबांनी तळखड्यांवरून पाय उचलले, असं म्हणतात. छप्पर एकदा उगवतीकडं गेलं, एकदा मावळतीकडं गेलं आणि परत जागेवर आलं. बाहेर घरं बसत होती. देवीची दगडी घुमटी कोसळली. धुळीतून खोऱ्यातला वाघ आला, मंडपाच्या कडेला बांधलेल्या वासरांशेजारी बसला आणि थरथरत राहिला. त्यानं कुणाकडं बघितलं नाही आणि कुणी त्याला हाकललं नाही.

जमीन थांबली. फक्त खांब हळूहळू कुरकुरत होते, दमलेल्या माणसासारखे. आणि त्यात एक नवा आवाज ऐकू आला. सगुणाला मुलगी झाली होती.

"सगळे बोलले," सटवाजी म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले. काही जण सांगतात, तो तेव्हाच गेला. काही सांगतात, आंब्याला मोहोर येईपर्यंत तो जगला आणि नातीला मांडीवर घेऊन मंडपात बसला. भिवरा मात्र पुष्कळ जगली. डाव्या हाताची बोटं तिला पुन्हा कधी नीट मिटता आली नाहीत, म्हणून भाकरी सगुणा थापायची.

घुमटी पुन्हा कुणी बांधली नाही. निनाई मंडपातच बसते. नदीपार, पाचर पडली तिथं खैराचं बन उगवलं, असं म्हणतात, आणि मंडपाला नवी पाचर लागली तर ती त्याच बनातली असते. मंडपात खिळा चालत नाही. वीज आली तेव्हा तालुक्याहून आलेल्या वायरमनला गावानं चहा पाजला आणि ठोकलेले खिळे काढायला लावले. दिव्याची तार तिथं सुतळीनं बांधलेली आहे.

आणि दर वर्षी कार्तिकातल्या अवसेच्या आदल्या दिवशी, गुरं परत यायच्या वेळेला, घरटी एक बाई फडक्यात गरम राख बांधून मंडपात येते. सगळ्या खांबांना शेक देतात. सर्वांत म्हातारी बाई अंगठ्यानं एकेक पाचर सैल आहे का बघते. मग त्या वर्षी गावात आलेली नवी सून आग्नेयेच्या खांबाशी जाते, भेग जिथं थांबली तिथं डावा तळवा ठेवते आणि लाकडाला कान लावते. तेव्हा सगळा गाव मंडपाभोवती उभा असतो. पोरं बोलत नाहीत. म्हातारी माणसं सुनेच्या तोंडाकडं बघत राहतात.

भात निवत असतो, पण पानं वाढत नाहीत. सून मान डोलावून म्हणते, "बोलला." मगच वाढतात.