तिसरी टोचणी

एका तालुक्याच्या गावी निमोणकर नावाचे एक डॉक्टर होते. मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालावी तर ती त्यांनीच! नुसतं बोटानं चाचपायचे आणि पहिल्याच टोचणीत शीर गाठायचे. लोक तर सांगत, डॉक्टरांची चाहूल लागली की शीर आपणहून वर येते आणि म्हणते, "या, बसा." थोडं वाढवून सांगत असतील, पण डॉक्टरांनाही ते खरंच वाटू लागलं होतं.

दवाखान्यात शीर दाखवणारं सोनोग्राफीचं यंत्र होतं. दर खंडेनवमीला त्याला झेंडूची माळ आणि हळदकुंकू मिळे. बाकी वर्षभर त्याच्यावर चादर. शलाका नावाची तरुण डॉक्टर एकदा म्हणाली, "सर, ते वापरू या ना." निमोणकर हसले. "डोळसाला काठी कशाला गं?"

एके दिवशी भिकोबा कुंभारानं बायकोला, सगुणाला, आणलं. पायाची जखम चिघळून विष अंगभर भिनलेलं. रक्तदाब तळाला, हातांच्या शिरा पार बुजलेल्या. औषध द्यायचं तर मानेतूनच, आणि लगेच.

निमोणकरांनी सुई टोचली. शीर लागली नाही. पुन्हा टोचली. पुन्हा नाही.

असं कधी झालं नव्हतं. त्यांच्या कपाळावर घाम फुटला. शिरेला खेटून धमनी, खाली फुप्फुस. सुई जरा भरकटली की खेळ खलास. मॉनिटरवरचा रक्तदाबाचा आकडा घसरत चालला होता.

"डॉक्टर," सगुणा तोंडावर पसरलेल्या निर्जंतुक कापडाखालून पुटपुटली, "भोकाभोकाचं मडकं कुणी इकत घेत न्हाई हो."

निमोणकरांचा हात तिसऱ्यांदा उचलला गेला. आता लागेलच, असं मन म्हणत होतं. पण नाही लागली तर? आणि थांबलो तर ही शलाका काय म्हणेल? गाव काय म्हणेल?

सुई मानेला टेकली. तिथंच थबकली. मग त्यांनी ती खाली ठेवली.

"शलाका, हात धुऊन ये. यंत्र लावा. सुई तू धर, मला जमत नाहीये."

पडद्यावर चित्र उमटलं आणि निमोणकर पुढे वाकले. सगुणाची शीर नेहमीच्या जागी नव्हतीच. तिसऱ्यांदा सुई टेकली होती, नेमकी त्याखाली धमनी उडत होती. तिसरी टोचणी थेट तिच्यातच गेली असती.

शलाकानं पडद्यावर नजर ठेवून नळी अलगद आत सरकवली. औषध सुरू झालं. आकडा थांबला, डळमळला, मग हळूहळू चढू लागला.

बाहेर भिकोबा निमोणकरांच्या पायांवर कोसळला. "डॉक्टरसाहेब, तुमच्या हाताला यश हाय!"

निमोणकरांनी त्याला उठवलं. "आज नव्हतं, भिकोबा. दोनदा चुकला हा हात. पाया पडायचंच तर या शलाकाबाईंच्या पडा."

तात्पर्य: ज्याला थांबायची लाज वाटते, त्याच्या लाजेची किंमत दुसऱ्याची मान मोजते.