गल्लीचं ऊन

एका मोठ्ठ्या शहरात एक चिमुकली गल्ली होती. बुटकी बुटकी कौलारू घरं आणि मधोमध सगळ्यांचं मिळून एक अंगण. गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या तीन खोल्या होत्या. त्यातल्या एकीत वेणू राहायची. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा, की तिचा तान्हा भाऊ रडून रडून लालबुंद व्हायचा. वेणू बिचारी पुठ्ठ्यानं त्याला वारा घालत बसायची.

अंगणात मात्र त्याच उन्हाची मज्जा! बायका जुन्या साड्या अंथरून पिवळे पिवळे, गोल गोल पापड वाळत घालायच्या. हौसाकाकू हाक मारायच्या, "ये गं वेणू, लाटी घे." आणि पापडाच्या पिठाचा मऊ, तेलकट गोळा तिच्या तळहातावर ठेवायच्या.

वेणू मोठी मायाळू. गल्लीमागच्या बागेतली अबोली सुकलेली दिसली, तेव्हापासून शाळेच्या बाटलीतलं उरलेलं पाणी ती रोज तिला घालायची. एके दिवशी केशरी फुलातून बोटाएवढी परी बाहेर आली. हिरवे पंख, सोनेरी टिकली आणि अंगभर नुसतं लुकलुक लुकलुक!

"माग काय हवं ते," परी म्हणाली. "पण इच्छा एकच. आणि गल्लीत काही नवं हवं असेल, तर आधी गल्लीला विचारायचं."

"घर हवंय! पत्र्याखालच्या आम्हा सगळ्यांना. उंच, गारेगार!"

"विचारलंस गल्लीला?"

वेणू घुटमळली. नाही म्हणाले तर? "हो, विचारलं," ती म्हणाली.

खोटं! चक्क खोटं बोलली आपली गुणाची वेणू. परीचे पंख मलूल झाले, पण तिनं चुटकी वाजवली.

सकाळी पत्र्यांच्या जागी उंचच उंच गुलाबी इमारत! चकाकत्या काचा, निळ्या निळ्या गच्च्या. बाळ गार वाऱ्यात शांत झोपलं होतं.

वेणूनं खिडकीतून खाली पाहिलं. अख्ख्या अंगणावर इमारतीची सावली पडली होती. हौसाकाकू साडी उचलून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ऊन शोधत होत्या. संध्याकाळी पापड ओलसरच राहिले. तरी काकूंनी हाक मारली, "ये गं, नव्या घरची पोरगी! लाटी घे."

लाटी वेणूच्या घशाखाली उतरेना. तिचे कान गरम झाले. कुणाकडे वर बघायची तिला लाज वाटू लागली. ती धावत बागेत गेली.

"गल्लीला खरं सांग," परी म्हणाली. "पण सांगितलंस, की तुझं घर विरून जाईल."

वेणूला झोपलेलं बाळ आठवलं. डोळे पुशीत ती अंगणात आली आणि मान खाली घालून म्हणाली, "तुमचं ऊन मी घेतलं. तुम्हाला न विचारता. आणि खोटं बोलले."

गुलाबी इमारत धुक्यासारखी विरली. तापलेले पत्रे पुन्हा दिसू लागले आणि बाळ रडायला लागलं.

"विचारायचं नाही होय गं?" हौसाकाकू म्हणाल्या. "आमच्या हातची लाटी खातेस, आणि आम्ही नाही म्हणू असं वाटलं तुला?" मग बाळाचं रडणं ऐकून त्याच खजील झाल्या. "पण खरं सांगू? इतके दिवस ते लेकरू रडतंय. आम्हीही कधी विचारलं नाही."

सगळ्यांच्याच माना खाली गेल्या होत्या.

तेवढ्यात परी अंगणात उतरली. "न विचारता मागितलेलं मी मोजतच नाही. इच्छा अजून शिल्लक आहे. आता सगळे मिळून मागा."

काकूंनी अंगणापलीकडची पडकी वखार दाखवली. "तिथं बांध बाई. तिची सावली रस्त्यावर पडते. बेताचीच उंच कर, आणि गच्ची सगळ्यांना."

"पाणी घालणाऱ्या हातांना आणि खरं बोलणाऱ्या तोंडाला ही भेट!" परी हसली. लख्ख सोनेरी उजेड पसरला. उजेड ओसरला तेव्हा वखारीच्या जागी पत्र्याखालच्या सगळ्यांना पुरेल असं बेताचं गुलाबी घर उभं होतं, अंगणभर ऊन होतं आणि परी कुठेच नव्हती.

दुसऱ्या दिवशी नव्या गच्चीवरही साड्या अंथरल्या गेल्या. काकूंनी लाटी पुढे केली. वेणूचे कान पुन्हा गरम झाले. तिनं हळूच विचारलं, "घेऊ?"

"अगं, तुझीच आहे ती," काकू म्हणाल्या आणि तिला जवळ घेतलं.