चार बोटं कमी

"आणि दोन्ही एकाच चपलेत नसतील तर, नाना? मग सोडायचं काय? डौल की आराम?"

नाना शेडबाळे बाकावर बसून खोक्यांवरची धूळ पुसत होते.

सावनीनं तोच प्रश्न पुन्हा विचारला. पुण्याहून फुटवेअर डिझाइनचा डिप्लोमा घेऊन आलेली मुलगी. तीन महिने झाले, सांगलीच्या या जुन्या दुकानात उमेदवारी करत होती. लेडीज विभाग तिला स्वतःच्या हातात हवा होता. नानांनी कबूलही केला होता, पण अट घालून: एक अवघड गिऱ्हाईक माझ्या मदतीशिवाय नीट पाठवून दाखव.

तीन गिऱ्हाइकं झाली. तीनदा नानांनी नकाराची मान हलवली. आज काही झालं तरी ती मान हलू द्यायची नाही, असं ठरवूनच सावनी आली होती.

"हे बघ," नाना अखेर म्हणाले, "आपल्याकडं गिऱ्हाईक पायानं आत येतं, डोळ्यानं विकत घेतं, आणि घरी गेल्यावर पायानंच शिव्या देतं."

"म्हणजे आराम महत्त्वाचा."

"असं मी म्हणालो का?"

"मग डौल?"

नानांनी पुढचं खोकं पुसायला घेतलं.

एवढ्यात निर्मलाताई मगदूम धापा टाकत आत आल्या. लेकीचं लग्न आठ दिवसांवर, आणि पिशवीत शालूच्या ब्लाऊजपीसचा तुकडा.

"नाना, उंचातली उंच काय असेल ती काढा."

"सावनी दाखवेल."

ताईंनी आधी मोबाइल काढला आणि साखरपुड्याचा फोटो सावनीच्या नाकासमोर धरला. मध्ये विहीणबाई, ताडमाड. त्यांच्या खांद्यामागून नुसता एक गजरा दिसत होता.

"हा गजरा म्हणजे मी! फोटोवाला ओरडतोय, नवरीची आई कुठंय, नवरीची आई कुठंय... आणि मी तिथंच! अख्खा हॉल हसला गं. एकुलती लेक आहे माझी. लग्नात मला विहिणीच्या खांद्याआड उभं राहायचं नाही."

सावनीचा चेहरा उजळला. तिनं सोनेरी पेन्सिल हिल काढली. साडेतीन इंच.

ताई त्यात उभ्या राहिल्या. आरशात पाहिलं. हनुवटी आपोआप वर गेली.

"चार पावलं चाला, ताई."

चालल्या. जरा जपून, पण चालल्या.

"टोचतंय कुठं?"

"छे! लोण्यावर पाय ठेवल्यासारखं वाटतंय."

सावनीनं नानांकडं पाहिलं. घ्या. डौलही, आरामही.

"हं," नाना म्हणाले. "आता त्यांच्या गळ्यात पड."

"काय?"

"पाठवणी आहे. गाडी दारात उभी. तू लेक. जा, पड गळ्यात."

"अहो नाना, काहीतरीच तुमचं!" ताई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

सावनीचे कान तापले. डिप्लोमात हा पेपर नव्हता. पण मागं हटेल ती सावनी कसली? तिनं ओढणी कमरेला खोचली, दहा पावलं मागं गेली आणि धावत सुटली.

ताईंनी हात पसरले. सावनी आदळली. हिल कलली, ताई मागं गेल्या, आणि दोघी धाडकन खोक्यांच्या फळीला धडकून जमिनीवर. वरून सात-आठ खोकी बदाबदा कोसळली.

"अगं आई गं! मोडली का कंबर?" ताई कळवळल्या.

"कुणाची?"

"दोघींची!"

नाना उठले. एकेक खोकं उचलून जागेवर ठेवू लागले. त्यांची मान हलणार, तेवढ्यात सावनी जमिनीवरूनच म्हणाली,

"थांबा नाना. मान हलवू नका. गिऱ्हाईक अजून दुकानातच आहे."

आणि ती उठलीच नाही. तिथंच मांडी ठोकून तिनं ताईंचा पाय हातात घेतला. तीन महिन्यांत पहिल्यांदा. पाऊल रुंद होतं. अंगठ्याजवळचं हाड वर आलेलं. दिवसभराची सूज घोट्याशी.

पहिला जोड आणला, सपाट.

"ही? अशी घालून मी भाजीला जाते."

दुसरा आणला, जाड तळाचा.

"ही घालून पोरांची कवायत घ्यावी! लग्न आहे गं बाई."

सावनी शिडी लावून माळ्यावर चढली. अर्धा तास वर नुसती खुडबुड, खाली नाना पुन्हा बाकावर. खाली आली तेव्हा केसात जळमटं आणि हातात एक खोकं. आत मरून मखमलीचा जोड, कडेनं बारीक जर. पुढं बोटांना मोकळी जागा, मागं पट्टा. टाच दोनच बोटं, पण विटेसारखी रुंद.

ताईंनी शालूचा तुकडा जरीला लावून पाहिला. जोड पायात घातला. आरशासमोर डावीकडून उभ्या राहिल्या, उजवीकडून उभ्या राहिल्या. निऱ्या जरा उचलून पुन्हा पाहिलं.

जोड काही पायातून काढला नाही.

या खेपेला सावनीनं नानांकडं पाहिलं नाही. ती आपण होऊनच मागं गेली. पार दरवाज्यापर्यंत. आणि धावली.

आदळली.

ताई हलल्या नाहीत.

त्यांचे हात सावनीच्या पाठीवर मिटले. सावनी थांबली, आता सोडतील म्हणून. सोडेनात. तिच्या खांद्यावर गरम काहीतरी टपकलं.

"वेडाबाई..." ताई कानाशी पुटपुटल्या. "जिवाला जप गं."

हे आपल्याला नव्हे, लेकीला, हे सावनीला कळलं. तरी तिनंही मिठी घट्ट केली.

नाना उठले. धोतराची धूळ झटकली आणि पुरुषांच्या विभागाकडं चालू लागले. लेडीजचं गिऱ्हाईक सावनीवर सोडून ते असे कधीच गेले नव्हते.

सावनीला मिठीतूनच आरसा दिसत होता. फोटोतली विहीणबाई आठवून तिनं मनात हिशेब केला, आणि राहवेना.

"नाना! पण विहिणीपेक्षा अजून चार बोटं कमीच पडतायत!"

नाना थांबले. वळले नाहीत.

"उंची मोजायचीच असेल, तर आत्ता, लेक मिठीत असताना मोज."