फळीवरचा दगड

पूर्वी अंजनपूर नगरात धृतिमान नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका तेल्याच्या घरी घाण्याचा बैल होऊन जन्माला आले होते. त्या नगरातल्या तेल्यांचा एक नियम होता, आणि तो का आहे असे कोणी विचारायचे नाही, हा त्याच्याही वरचा नियम होता.

नियम असा. एखाद्या घरी आहेर आला की तो श्रेणीच्या, म्हणजे तेल्यांच्या संघाच्या, सभागृहात नेऊन तराजूत घालायचा आणि त्याच्या वजनाचा एक दगड त्या घराच्या नावाने फळीवर ठेवायचा. पुढे आहेर देणाऱ्याच्या घरी कार्य निघाले, की परतीचा आहेर त्या दगडापेक्षा जड भरला पाहिजे. दगडाचे पारडे वर गेले की तराजू धरणारा तुलाधर घंटा वाजवी. घंटा वाजली नाही, तर त्या घराच्या कर्त्याने पुढची तीन वर्षे सभेत दाराशी, पायताणांजवळ बसायचे.

आजोबा-पणजोबांच्या काळी हे दगड सुपारीएवढे होते म्हणत. आता ते नारळाएवढे झाले होते. त्यातून एकही तेली श्रीमंत झाला नव्हता. सोनारांच्या माड्या मात्र उठल्या होत्या.

बोधिसत्त्वांच्या मालकाचे नाव भद्रक. त्याची धाकटी मुलगी तिष्या. आई लवकर गेल्यामुळे घर तिष्याच्या हाती आले होते, आणि तिच्या हातून काही वाया जात नसे. सरपण ती भर उन्हाळ्यात भरून ठेवी, कारण पावसाळ्यात त्याच मोळीला दुप्पट पडत. गुळाची अख्खी ढेप शेजारणीबरोबर मिळून घेई. भाजीला सकाळी न जाता उठत्या बाजारात जाई. पण बैलाच्या चाऱ्याला आणि ताटातल्या तुपाला तिने कधी हात आखडता घेतला नाही. असे वाचलेले ती एका मडक्यात टाकी. घाण्याचे आडवे लाकूड जुने झाले होते आणि त्यावर वजनाला ठेवतात त्यातला एक दगड फुटला होता. ते सारे तिला नीट करून घ्यायचे होते.

त्या वर्षी श्रेणीप्रमुख धनगुप्ताच्या आईने हजार पौर्णिमा पाहिल्या, म्हणून मोठा सोहळा ठरला. तिष्याच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात धनगुप्ताने चांदीचा गडू दिला होता. तो गडू तीन महिन्यांतच दुसऱ्या एका लग्नात आहेर म्हणून निघून गेला होता. भद्रकाच्या नावाचा दगड मात्र फळीवर बसून होता.

भद्रकाची थोरली बहीण पिंगला आदल्या आठवड्यातच येऊन राहिली होती. ती पान लावता लावता म्हणाली, "भद्रका, गडूपेक्षा जड म्हणजे कळशीच करावी लागेल. बैल काढून टाक. धनगुप्ताचा कारभारी घ्यायला तयार आहे."

तिष्या तीळ पाखडत होती. तिचे सूप थांबले. "आत्या, पुढच्या पंधरवड्यात नवे तीळ येतील. बैल विकल्यावर घाणा कोण ओढणार? तुम्ही?"

"बघितलंस ना, भद्रका? म्हणून सांगत होते, हिला फार शिकवू नकोस."

"धनगुप्तकाकांना देण्यासाठी त्यांनाच बैल विकायचा आणि त्यांच्याच पैशांनी त्यांना कळशी द्यायची. हे कोणाला तरी हसू येण्यासारखं वाटत नाही का?"

"पोरी," भद्रक हळूच म्हणाला, "मी दाराशी बसलो तर तुझ्या बहिणीला सासरी काय काय ऐकावं लागेल, तुला माहीत नाही. नियम आहे."

"का आहे?"

"ते विचारायचं नसतं," पिंगला म्हणाली. "विचारलं की नियम राहत नाही."

"मग विचारतेच मी!" असे म्हणून तिष्या सूप तिथेच टाकून गोठ्यात गेली.

त्या काळी जनावरे बोलत, आणि ज्यांना सवड असे ती माणसे ऐकत. तिष्या बैलाच्या मानेला डोके टेकून उभी राहिली. तिचा श्वास शांत होईपर्यंत बोधिसत्त्व रवंथ करत थांबले. मग म्हणाले, "विकत असाल तर विका. धनगुप्ताच्या घरी मला रोज भिजवलेला हरभरा मिळेल. गळ्यात घुंगरं येतील. माझं वाईट काहीच होणार नाही."

"आणि आमचं?"

"तुमचा घाणा थांबेल. तुझे बाबा मजुरीला जातील. पुढच्या वर्षी धनगुप्त त्या कळशीहून जड काहीतरी पाठवील, आणि तुमचा दगड आणखी मोठा होईल." त्यांनी जिभेने नाकपुडी चाटली. हरभऱ्याची चव त्यांनाही ठाऊक होती. "मी दिवसभर गोल फिरतो, तिष्या. डोळ्यांवर झापड असते म्हणून मला वाटतं, आपण लांब कुठेतरी चाललो आहोत. माझी झापड तुझ्या बाबांनी बांधली. त्यांच्या डोळ्यांवरची कोणी बांधली?"

तिष्याने बैलाच्या मानेवरून डोके उचलले.

"सोहळा कोणाचा आहे?" बोधिसत्त्वांनी विचारले.

"काकांच्या आईचा. सोमा आजींचा."

"त्यांना काय हवं आहे?"

तिष्या चाऱ्याच्या भाऱ्यावर बसली. दर आठवड्याला ती त्या घरी तेल घालायला जात असे. आजींना रोज पाहणाऱ्यांपेक्षा आपण त्यांना कमी पाहिले नसेल, असे म्हणून ती आठवू लागली. ओसरीवरचा खांब. खांबाआड, भिंतीकडे तोंड करून जेवायला बसलेली म्हातारी. तिचे हात कापत. समोर चांदीची वाटी असे, पातळ आणि गुळगुळीत. जरा धक्का लागला की कलंडे आणि पेज लुगड्यावर सांडे. सांडलेली पेज कोणाला दिसू नये म्हणून आजी भिंतीकडे तोंड करून बसत. मागच्या खेपेला तर त्या म्हणाल्या होत्या, "भूक नाही गं आताशा." आणि म्हणताना त्यांची नजर तिष्याच्या हातातल्या गुळाच्या खड्यावर होती.

दुसऱ्या दिवशी तिष्या मडक्यातले थोडे पैसे घेऊन कुंभारवाड्यात गेली. तिला हवे होते ते कुंभाराला पहिल्यांदा कळलेच नाही.

"बूड एवढं जाड? बाई, हे भांडं आहे की जातं?"

"कलंडता कामा नये. आणि काठ आतल्या बाजूला वळलेला हवा, म्हणजे चमचा आपटला तरी पेज बाहेर येणार नाही."

पहिली वाटी तिने तिथेच पाणी भरून, स्वतःचा हात मुद्दाम थरथरवत वापरून पाहिली. सांडली. दुसरी भट्टीत तडकली. तिसरी मनासारखी उतरली. घरी आणून तिने वाटीच्या पोटाभोवती अंबाडीची दोरी घट्ट गुंडाळली, म्हणजे बोटांना धरायला जागा होईल. पिंगलेने ती पाहिली आणि कपाळावर हात मारला. भद्रकाने वाटी उचलून पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि बैल विकायचा विषय त्या दिवशी काढला नाही.

सोहळ्याच्या दिवशी सभागृह भरले होते. सोमा आजींना मधोमध बसवले होते आणि त्या जागी बसून कंटाळल्या होत्या. एकेक घर पुढे येई, तराजू हले, घंटा वाजे, चांदीच्या ढिगात आणखी एक भांडे पडे. त्यातले एकही आजींच्या हातात कोणी दिले नव्हते.

भद्रकाचे नाव पुकारले गेले. तिष्याने फडके सोडून मातीची वाटी पारड्यात ठेवली.

सभेत हसू फुटले. "घरात गाडगीमडकीच उरली वाटतं!" मागून कोणीतरी म्हणाले. पिंगलेने पदर तोंडाला लावला. पण दुसऱ्या पारड्यातला दगड सावकाश वर उचलला गेला आणि सवयीप्रमाणे तुलाधराने घंटा वाजवली.

"घंटा कसली वाजवतोस?" धनगुप्त गरजला. "मातीचं वजन धरायचं असतं का?"

"काका," तिष्या म्हणाली, "तुमचा हा दगड तरी कशाचा आहे?"

धनगुप्ताने तोंड उघडले, पण तो बोलण्याआधी सोमा आजींचा बारीक आवाज आला. "ती काय आहे गं पोरी? इकडे आण."

तिष्याने वाटी त्यांच्यासमोर ठेवली आणि तिच्यात खीर वाढली. आजींनी दोरीवर बोटे रोवली. हात कापत होते. चमचा काठावर दोनदा आपटला, खीर काठापर्यंत आली आणि वळून आत गेली. वाटी जागची हलली नाही. आजींनी एक घास खाल्ला, मग दुसरा. मग त्यांच्या लक्षात आले की आपण चारशे माणसांकडे तोंड करून जेवत आहोत. त्यांनी मान वर करून सगळ्यांकडे पाहिले आणि म्हणाल्या, "आणखी वाढ. गूळ जास्त घाल."

धनगुप्त आईजवळ गुडघ्यांवर बसला. आई खांबाआड का बसते, हे त्याला आज कळले, आणि आजवर आपण विचारले नाही हेही कळले. तो गहिवरला, पण तो श्रेणीप्रमुख होता आणि गहिवर कसा दाखवायचा याची त्याला एकच रीत ठाऊक होती. त्याने हाक मारली, "तुलाधरा, या वाटीच्या वजनाचा दगड माझ्या नावाने मांड! भद्रका, तुझ्या घरी मी याहून जड चांदीचा घडा पाठवतो. आजच."

सभेने माना डोलावल्या. पिंगलेने पदर खाली घेतला. भद्रकाचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला, कारण त्याला पुढचा दगड दिसला.

"नको," तिष्या म्हणाली.

"म्हणजे?"

"घडा नको, काका. तुमच्या नावाने दगडही नको. ही वाटी आजींना दिली. त्या जेवल्या. तिथं ते संपलं."

"अगं, पण नियम…" एक म्हातारे गृहस्थ उठून उभे राहिले.

"नियमानं घडा घेतला तर मला त्याहून जड काहीतरी द्यावं लागेल. मग बैल विकावा लागेल. आणि तेव्हा आजींना काय हवं आहे हे पाहायला मला वेळ नसेल. मी वजनच शोधत बसेन, तुम्ही सगळे शोधता तसं." ती तराजूकडे गेली, पारड्यातला आपल्या घराचा दगड तिने दोन्ही हातांनी उचलून कडेवर घेतला. "हा मी नेते. आमच्या घाण्यावरचा एक फुटलाय. फळीवरची आमची जागा मोकळी राहू द्या. बाबांना दाराशी बसवायचं असेल तर बसवा. मीही त्यांच्या शेजारी बसेन, तिथं वारा चांगला येतो."

कोणी हसले नाही. उभे राहिलेले म्हातारे गृहस्थ खाली बसले. धनगुप्ताने आईकडे पाहिले, मग फळीवरच्या आपल्या घराच्या दगडांकडे, आणि घड्याचे नाव पुन्हा काढले नाही. सभागृहात फक्त वाटीच्या काठावर चमचा आपटल्याचा आवाज येत होता.

एवढे सांगून शास्ता, म्हणजे विहारातल्या भिक्षूंचे गुरू, थांबले. त्या सकाळी विहारात दोन वृद्ध गृहपती, कोणाचे दान मोठे, यावरून भांडले होते, आणि क्षेमवती नावाच्या तरुण उपासिकेने त्यांना भर सभेत विचारले होते की आजारी भिक्षूला औषध हवे असताना तुम्ही दोघांनी चीवरेच, अंगावरची वस्त्रेच, का आणली. त्यावरून तिला पुष्कळ बोलणी बसली होती.

"त्या वेळचा धनगुप्त आणि उभे राहिलेले ते वृद्ध," शास्ता म्हणाले, "म्हणजे हे दोघे गृहपती. सोमा आजी म्हणजे आज आजारी असलेला तो भिक्षू. तिष्या म्हणजे ही क्षेमवती. आणि घाण्याचा बैल मी होतो. त्या जन्मी मी जी पारमिता, जो परम गुण, जोपासला, तिचे नाव प्रज्ञा. देण्याआधी घेणाऱ्याच्या हाताकडे पाहते, ती."

दोन्ही गृहपतींनी माना खाली घातल्या. क्षेमवती उठली आणि औषध आणायला गेली.