झाकणावरची चिठ्ठी

शके अठराशे ऐंशीच्या चैत्रात फरसाणाच्या एका कारखान्यात बेसनाची, सारख्याच तोंडाची दोन पिंपे होती. धाकट्यात ताजे पीठ होते, थोरल्यात खवट, टाकून द्यायचे. कोठी सांभाळणाऱ्या कोंडाबाई ते झाकणावरच्या चिठ्ठीवरून ओळखत.

"या बुटक्याच्या डोक्यावर मी किती दिवस बसायचं?" धाकट्याचे झाकण म्हणाले. कोंडाबाई जेवायला गेल्या, तेव्हा त्याने थोरल्याच्या झाकणाशी जागा बदलली.

कोंडाबाईंनी चिठ्ठ्या वाचल्या आणि ताजे पीठ उकिरड्यावर ओतले. खवट पिठाची शेव झाली. गिऱ्हाइकांनी ती परत आणली.

"बाई, वाचता येतं ना?" मालकांनी विचारले.

"येतं. वाचूनच ओतलं." त्यांनी मान खाली घातली. झाकणाला त्यांच्याकडे बघवेना.

रिकामे झालेले धाकटे पिंप म्हणाले, "मी तुला कधी ओझं म्हटलं होतं का रे?"

"तुझं पिंपभर पीठ माझ्यावर देणं आहे," झाकण म्हणाले.

पुढे कोंडाबाई चिठ्ठी पिंपाच्या पोटावर डकवू लागल्या. कोरे झाकण धाकट्यावर परत आले आणि पिंपात नवे पीठ भरले गेले.

आषाढात वरचे कौल फुटले. तीन दिवस पाण्याची धार झाकणावर पडत होती. ते गंजले, पण हलले नाही. चौथ्या दिवशी कोंडाबाईंनी ते उचलले. पिंपभर पीठ कोरडे होते.

देणे फिटले.